मुकुटाचा पहिला रंग

निळ्या रंगानं माखलेला कृष्ण १९१९ सालच्या फिल्मवर गोरा दिसला असता. दादासाहेब फाळक्यांनी त्या साली ‘कालिया मर्दन’ पडद्यावर आणला आणि बाळकृष्णाचं काम आपल्या लहान मुलीला, मंदाकिनीला दिलं. कॅलेंडरातल्या चित्रात असतो तसा निळा हात तिच्या अंगावर फिरवला असता, तर यमुनेच्या डोहात उडी घेणारा एक पांढुरका मुलगा लोकांनी पाहिला असता. कारण त्या वेळची फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक होती. तिला निळा आणि हिरवा उजेड कळायचा, लाल मुळीच कळायचा नाही. निळं ते पांढरट, लाल ते काळं. कपाळावरचं कुंकू काळा ठिपका होऊन यायचं, लाल शालू काळ्या चंद्रकळेसारखा दिसायचा आणि निरभ्र आकाश कोऱ्या कागदासारखं.

पिवळ्याचीही गत फारशी बरी नव्हती. पिवळी वस्तू निळा उजेड गिळते, त्यामुळे या फिल्मवर ती डोळ्यांना दिसते त्यापेक्षा बरीच काळपट उतरते. सोनेरी मुकुट मातकट दिसतो, चकाकीचे ठिपके तेवढे पांढरे उमटतात. चंदेरी मुकुट मात्र झळाळतो. म्हणून मूकपटांच्या काळातला एखादा चंदेरी मुकुट कोणी समोर ठेवला, तर ‘याचं सोनं उडालंय, पुन्हा चढवा’ असं म्हणायची घाई करू नये. त्याला सोनं कधी नसेलच. रंगवणाऱ्यानं तो कॅमेऱ्यासाठी रंगवला होता, आपल्यासाठी नव्हे.

मी डोणगावात राहतो. मेहकरहून मालेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव, बुलढाणा जिल्ह्यातलं, घाटावरचं. स्टुडिओ इथून शेकडो मैल लांब. पण शाळेत चित्रकला शिकवण्यात उमर गेली, आणि रंगाच्या थराखाली दुसरा थर असतो ही गोष्ट एकदा डोक्यात बसली की माणूस जुनी वस्तू वेगळ्या नजरेनं बघायला लागतो. जुन्या चित्रपटांतल्या वस्तू, म्हणजे सिनेमावाल्यांच्या भाषेत ‘प्रॉपर्टी’, त्यांचा मूळ रंग-मुलामा कसा शोधायचा हा विषय मला तिथूनच लागला. आपल्याकडे जुने चित्रपट वाचवण्याबद्दल आता थोडंफार बोललं जातं. त्या चित्रपटांतल्या गदा, ढाली, तलवारी, सिंहासनं यांच्याबद्दल कोणी बोलत नाही. ज्या उरल्यात त्या दर दहा-पंधरा वर्षांनी कोणीतरी मोठ्या मायेनं रंगवून काढतो, आणि पहिला रंग आणखी एक थर खाली जातो.

ज्याला पटत नसेल त्यानं घरच्या घरी करून बघावं. एका पांढऱ्या कागदावर कुंकू, हळद आणि कपड्यांची नीळ यांचे तीन ठसे उमटवायचे. भर उन्हात मोबाईलवर फोटो काढायचा. फोटो दुरुस्त करायच्या कुठल्याही साध्या ॲपमध्ये लाल भाग काढून टाकून बाकीचा कृष्णधवल करायचा. कुंकू काळं होतं, हळद करडी पडते आणि सगळ्यांत गडद वाटणारी नीळ उजळून वर येते. आठवीतल्या मुलांना मी हे दाखवलं तेव्हा एका मुलीनं विचारलं, “मग सर, जुन्या शिनेमात देवाले कोणता रंग लावत असतील?” प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर पुस्तकापेक्षा वस्तूकडेच मागावं लागतं.

फाळके या कामाला कसे तयार झाले ते पाहण्यासारखं आहे. जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, मग बडोद्याचं कलाभवन. फोटोग्राफी केली, पुराणवस्तू खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून काम केलं, लोणावळ्याला रविवर्म्याच्या छापखान्यात शिळाप्रेसवर काम केलं. शिळाप्रेसवर एकेका रंगाचा दगड वेगळा असतो. एक चित्र म्हणजे कागदावर एकावर एक बसलेले रंगांचे थर, हे ज्याच्या हाताला माहीत आहे, त्याला रंग फोडून बघायची सवय असते. १९१२ साली लंडनला जाऊन त्यांनी विल्यमसन कॅमेरा आणला आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर ठेवला. रविवर्म्याच्या छापील चित्रांतले देव लोकांनी रंगांत पाहिले होते. तेच देव फाळक्यांना काळ्या-पांढऱ्यात उभे करायचे होते, तेही लाल रंगाला आंधळ्या असलेल्या फिल्मवर. भरजरी शेल्याचा लाल आणि मुकुटाचा पिवळा दोन्ही काळवंडणार हे धरूनच त्यांना साहित्य निवडावं लागलं असणार.

कोल्हापुरात हे काम आणखी कारागिरीच्या अंगानं झालं. बाबूराव मेस्त्री, ज्यांना सगळा महाराष्ट्र बाबूराव पेंटर म्हणून ओळखतो, आणि त्यांचे नात्यातले बंधू आनंदराव हे मुळात नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे. सिनेमाच्या नादानं दोघांनी कॅमेरा जुळवायला घेतला. १९१६ साली आनंदराव गेले, पण बाबूरावांनी ते काम सोडलं नाही, आणि कोल्हापुरातच कॅमेरा तयार झाला. तासकाम, ओतकाम, पत्र्याचं काम हाताशी असलेलं ते शहर. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० साली आला. त्यातलं कीचकवधाचं दृश्य इतकं खरं वाटलं की सेन्सॉरनं ते काढायला लावलं. १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये त्यांनी विजेचे दिवे लावून रात्र उभी केली. बाबूरावांनी रंगवलेल्या पडद्यापुढे नट उभे करण्याची पद्धत मोडली आणि खोली असलेले सेट बांधले. सेट बांधला की खांब, कमान, सिंहासन, समई, सगळं हाताला लागणारं झालं, आणि त्या प्रत्येकावर मुलामा देणं आलं. पुढे प्रभात फिल्म कंपनी उभी करणारे दामले आणि फत्तेलाल याच मुशीतून बाहेर पडले.

नाटकाचा मुलामा आणि सिनेमाचा मुलामा यांत फरक कसा पडला असेल, हे मला कळलं ते एका मुकुटावरून. तो सिनेमातला नाही, आधीच सांगतो. आमच्या गावात पूर्वी गणपतीत पौराणिक नाटकं बसवत, त्यातला. एका घरी माळ्यावर लाकडी पेटीत पडून होता. कागदाच्या लगद्याचा, वजनाला हलका, समोरून झगझगीत पिवळा. सध्याच्या बाजारी सोनेरी ऑइलपेंटचा जाड हात त्यावर होता, आणि ब्रशचे केससुद्धा त्यात अडकलेले. समोरून बघून त्या मुकुटाबद्दल काहीही सांगता आलं नसतं.

अशा वेळी समोरून बघायचंच नाही. जुना थर कुठे टिकतो ते रंगवणाऱ्याच्या आळसावरून शोधायचं. काचेचे खडे बसवलेले असतील तर खड्यांच्या बुडाशी. बांधायच्या नाडीच्या भोकाच्या आत. कानाजवळच्या पट्टीच्या दुमडीत. आतल्या कडेला, जिथे नटाच्या केसांचं तेल लागून काळी रेघ पडलेली असते, त्या रेघेच्या वर. दुसऱ्यांदा रंगवणारा माणूस तिथे ब्रश घालत नाही. खडा उचलला तर खाली पहिल्या दिवसाचा रंग मिळतो, कारण उजेड, धूर, हात आणि ब्रश यांपैकी काहीच तिथे पोचलेलं नसतं.

मी कानपट्टीच्या मागच्या बाजूला बोटाच्या पेराएवढी जागा निवडली. भिंग, चांगल्या धारेचं पातं, तोंडाला मास्क. जुन्या रंगात शिसं असतं, ते नाकात जाता कामा नये. अशी जागा खरवडताना थेट तळापर्यंत जायचं नसतं. जिना करायचा. पहिल्या पायरीवर फक्त वरचा थर काढायचा, दुसरीवर दोन, तिसरीवर तीन, म्हणजे शेवटी सगळे थर शेजारी शेजारी उघडे दिसतात आणि कोणता कोणाच्या खाली हे पुन्हा कधीही तपासता येतं. वरच्या पिवळ्या ऑइलपेंटखाली तपकिरी-हिरवट खरखरीत थर निघाला. ही जुनी सोनेरी पावडर, रोगणात कालवून लावलेली. ती पावडर म्हणजे तांबं आणि जस्त. नवी असताना सोन्यासारखी दिसते, काही वर्षांत कळकते. खरा सोन्याचा वर्ख कधी असा हिरवा पडत नाही, एवढ्यावरूनच दोघांतला फरक कळतो. त्याखाली गेरूसारखा लाल हात. आणि लालाच्या खाली पातं घसरलं. गुळगुळीत काहीतरी होतं. भिंगाखाली पाहिलं तर बेगड. बारीक सुरकुत्या पडलेली, अजून चमकणारी, आणि तिच्यावर मधाच्या रंगाचा एक पारदर्शक पदर. पांढऱ्या बेगडीवर पिवळसर लाखेचं पॉलिश दिलं की ती सोन्यासारखी दिसते, ही जुनी युक्ती. बेगडीच्या खाली खडू आणि सरसाची पांढरी लुकण, आणि तळाशी कागद.

मुकुट मूळचा असा होता. गॅसबत्तीच्या उजेडात बेगडीच्या प्रत्येक सुरकुतीवर उजेड लुकलुकला असणार आणि मागच्या रांगेतल्या माणसालाही राजा दिसला असणार. नंतर बत्ती गेली, वीज आली. विजेच्या स्थिर उजेडात बेगड स्वस्त दिसायला लागली म्हणून कोणी सोनेरी पावडर लावली असेल, तीही कळकली, मग ऑइलपेंट आला. यातलं ‘असेल’ माझं, थरांचा क्रम मात्र मुकुटाचा.

बेगड कथलाची की चांदीची, हा प्रश्न उरला होता. चांदी हवेतल्या गंधकानं काळी पडते, कथील करडं राहतं. नजरेनं कथीलच वाटत होतं, पण नजरेवर किती विसंबायचं? मग घाट उतरून खामगावला गेलो. खामगाव चांदीच्या कामासाठी प्रसिद्ध, रजतनगरी म्हणतात तिला. तिथल्या एका अनुभवी कारागिरानं मुकुट हातात घेऊन जिन्याकडे पाहिलं आणि कसोटीचा दगड काढलाच नाही. “ही चांदी नाही सर. चांदी असती तर लाखेच्या फटीतून काळी रेघ धरली असती.” तरी खात्री म्हणून दागिन्यांची शुद्धता मोजायच्या क्ष-किरण यंत्राखाली मुकुट ठेवू दिला. आता हॉलमार्कचं काम चालतं तिथे हे यंत्र असतंच. वस्तूला ओरखडा न काढता तिच्यात कोणते धातू आहेत ते ते सांगतं. उघड्या बेगडीवर कथील, थोडं शिसं. वरच्या थरावर तांबं आणि जस्त. सोनं नाही, चांदी नाही. मोठ्या संग्रहालयांच्या प्रयोगशाळांत याच तत्त्वावरची यंत्रं वापरतात. लखनौची राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा असो की मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयातलं संवर्धन केंद्र, पद्धतीचं मूळ तेच. आपल्या जिल्ह्यातल्या सराफकट्ट्यावर हे होऊ शकतं हे मात्र फार लोकांच्या ध्यानात आलेलं नाही.

प्रयोगशाळेत आणखी दोन गोष्टी होतात. टाचणीच्या डोक्याहून बारीक ढलपा घेऊन तो राळेत बसवतात, घासून आडवा छेद करतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली थर मोजतात. दोन थरांमध्ये धुळीची रेघ असेल तर मध्ये वर्षं गेलेली असतात, नसेल तर दोन्ही हात बहुधा पाठोपाठचे. दुसरी गोष्ट अतिनील दिव्याची. अंधाऱ्या खोलीत हा दिवा लावला की लाखेचं पॉलिश नारिंगी झळकतं आणि जस्ताचा सफेदा पिवळसर. रंगद्रव्यांनाही जन्मतारखा असतात. टायटॅनियमचा पांढरा रंग पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बाजारात आला, थॅलो निळा १९३५ च्या सुमारास, ॲक्रिलिकचे रंग १९५० च्या दशकात. क्रोमचा मुलामा धंद्याच्या प्रमाणावर १९२० च्या दशकाच्या मध्यात सुरू झाला, त्याआधीच्या झगझगीत वस्तूंवर निकेल असायचं. निकेल किंचित पिवळट, ऊबदार. क्रोम निळसर, थंड. शेजारी शेजारी ठेवले की लहान मूलही ओळखतं. १९२३ च्या म्हणून दाखवलेल्या ढालीवर क्रोम निघालं, तर ते नंतरचं, यावर वाद नको.

पण वस्तूच हाती नसली तर? आपल्याकडे बहुतेक वेळा हीच स्थिती. १९४८ साली कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जाळला गेला. सप्टेंबर २०१७ मध्ये चेंबूरच्या आर. के. स्टुडिओला आग लागली आणि तिथले जपलेले पोशाख आणि वस्तू गेल्या. मग उरतात फिल्म आणि छायाचित्रं, आणि तीही सगळी नाहीत. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात जानेवारी २००३ मध्ये नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागून मूळ रिळं जळाली.

उरलेल्या फिल्मवरून मुलामा वाचता येतो, फक्त फिल्म थांबवून नव्हे, चालवून. नट मान वळवतो तेव्हा मुकुटावरची चकाकी कशी सरकते ते पाहायचं. घोटलेल्या धातूवर ती बारीक, तीक्ष्ण असते आणि झटकन पळते. रंगवलेल्या लाकडावर ती रुंद आणि आळशी. बेगडीवर ती फुटते, दहा ठिकाणी लुकलुकते. एका जागी चकाकी आली आणि शेजारच्या जागी आलीच नाही, तर तिथला मुलामा उडालेला होता, किंवा दिव्याची तिरीप मारू नये म्हणून मुद्दाम मेण, साबण असं काही फासलेलं होतं. कॅमेऱ्यासमोर अति चमकणाऱ्या वस्तू अशा मंद करायची रीत जगभर होती. पांढरे कपडे चहाच्या पाण्यातून काढायचे तेही त्याचसाठी. त्यामुळे जुन्या पोशाखावर पिवळट छटा दिसली की ती वयाचीच असेल असं नाही, ती कपडेपटातल्या माणसानं पहिल्याच दिवशी दिलेली असू शकते. ती धुऊन काढली की गेली.

मला सगळ्यांत हुशारीची वाटते ती पद्धत दोन छायाचित्रं जुळवून बघण्याची. चित्रीकरण चालू असताना एक फोटोग्राफर वेगळ्या कॅमेऱ्यानं जाहिरातीसाठी फोटो काढायचा. त्याच्या कॅमेऱ्यातली फोटोची काच आणि सिनेमाची फिल्म एकाच जातीची असेलच असं नव्हे. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात पॅनक्रोमॅटिक फिल्म सर्रास झाली. ती लाल रंगही ओळखते. बोलपट आल्यावर आवाज करणारे आर्क दिवे मागे पडले, तारेचे दिवे आले आणि त्यांच्या तांबूस उजेडाला हीच फिल्म मानवली. आता समजा, फोटोची काच ऑर्थोक्रोमॅटिक आहे, सिनेमाची फिल्म पॅनक्रोमॅटिक, आणि एकाच दृश्यातलं एकच उत्तरीय फोटोत काळं आहे आणि सिनेमात मध्यम करडं. तर ते लाल असलं पाहिजे. दोन्हीकडे सारखंच गडद असेल तर काळं किंवा गडद तपकिरी. फोटोत उजळ आणि सिनेमात गडद असेल तर निळ्याकडे झुकणारं. रंगाचा एक कणही हाती नसताना दोन करड्या छटांच्या फरकातून रंग काढता येतो. घरात जुने सिनेमाचे फोटो असतील त्यांनी ते म्हणूनच फेकू नयेत, आणि स्कॅन करताना उठाव वाढवून ‘सुंदर’ करू नयेत.

बाबूरावांनी आपल्या चित्रपटांची पोस्टर्स स्वतः रंगवली, १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चं पोस्टर आजही नावाजलं जातं. मोह होतो की पोस्टरवरचा रंग तोच वस्तूचा रंग मानावा. मी तो साक्षीदार दुय्यम मानतो. पोस्टर रस्त्यावरच्या माणसासाठी रंगवलेलं, मुकुट कॅमेऱ्यासाठी. चित्रकार एकच असला तरी पोस्टरवर तो राजाला सोनं देणारच.

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली आणि १९३३ साली पुण्याला आली. त्या साली प्रभातनं जे धाडस केलं ते या विषयाच्या गाभ्याशी आहे. ‘सैरंध्री’ पुन्हा केला, आणि रंगीत केला. प्रक्रियेसाठी फिल्म जर्मनीला गेली. रंग मनासारखे उतरले नाहीत. याचा दोष बहुतेक जण रसायनांना देतात, तो असेलही. पण कंपनीतल्या माणसांचा विचार करा. दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर, सगळे महाराष्ट्र फिल्म कंपनीत काळ्या-पांढऱ्यात वाढलेले. त्यांच्या हाताला आणि डोळ्यांना करड्या छटांचा हिशोब पाठ. कोणता हिरवा पडद्यावर छान मऊ करडा देतो, कोणता पिवळा बुडवतो, हे त्यांना झोपेत सांगता आलं असतं. तो सगळा हिशोब एका चित्रपटापुरता निरुपयोगी झाला, कारण आता हिरवा हिरवाच दिसणार होता. त्यानंतर प्रभात काळ्या-पांढऱ्याकडे परतली आणि तिथे तिनं ‘अमृतमंथन’, ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’ अशी कामं केली. ‘संत तुकाराम’च्या शेवटी येणारं गरुडाच्या आकाराचं विमान आठवा. १९३७ साली हा चित्रपट व्हेनिसला गेला आणि जगातल्या उत्तम चित्रपटांत गणला गेला. त्या गरुडाचे पंख खरोखर कोणत्या रंगाचे होते? सोनेरी असतील असं आपण धरून चालतो, कारण भजनी मंडळाच्या चित्ररथावर आपण तसेच रंगवतो. पडद्यावर मात्र आपल्याला फक्त उजळ आणि गडद दिसतं.

प्रभातची जागा १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूटकडे आली आणि तिथे प्रभातच्या काळातल्या वस्तू, पोशाख जपून ठेवलेलं संग्रहालय आहे. मुंबईत पेडर रोडला जानेवारी २०१९ मध्ये भारतीय चित्रपटाचं राष्ट्रीय संग्रहालय उघडलं. अशा ठिकाणी वस्तूशेजारी चित्रपटाचं नाव आणि साल असतं. माझी मागणी एका जास्तीच्या ओळीची आहे. दिसणारा मुलामा मूळचा, नंतरचा की न तपासलेला. ‘न तपासलेला’ लिहिण्यात कमीपणा नाही.

जगात याला किती मान आहे ते एका जोड्याच्या गोष्टीवरून कळतं. १९३९ च्या ‘द विझार्ड ऑफ ऑझ’मधले लाल टिकल्यांचे बूट. मूळ गोष्टीत ते चांदीचे, सिनेमा टेक्निकलरमध्ये होता म्हणून लाल केले. तोही भडक लाल नाही, बराच गडद, कारण त्या प्रक्रियेत भडक लाल पडद्यावर नारिंगी झाला असता. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयानं आपल्या जोडीचा अभ्यास केला. टिकल्या जिलेटिनच्या, वरचा रंग सेल्युलोज नायट्रेटच्या लेपातला, ओलावा आणि उजेड दोन्हींचं वावडं. दुसरी एक जोडी २००५ साली मिनेसोटातल्या संग्रहालयातून चोरीला गेली, २०१८ साली सापडली, आणि खरी की नक्कल हे ठरवायला स्मिथसोनियनच्या त्याच अभ्यासाचा आधार झाला. डिसेंबर २०२४ मध्ये ती लिलावात सगळे आकार धरून ३ कोटी २५ लाख डॉलरला गेली. ‘स्टार वॉर्स’मधली प्रकाशाची तलवार तर जुन्या फोटोग्राफीच्या फ्लॅशची दांडी होती, लंडनच्या दुकानात मिळालेली. दुसऱ्या तलवारीत जेट इंजिनाचा तुकडा, पहिल्या महायुद्धातला बंदुकीतून डागायचा बॉम्ब आणि नळाची मूठ. जगभरचे हौशी लोक त्या एकेका भागावरचा मुलामा निकेलचा की क्रोमचा, काळा रंग कारखान्याचा की स्टुडिओचा, यावर वर्षानुवर्षं खपतात. एवढा जीव आपल्या गदेवर कोणी टाकला तर मला आनंद होईल.

आपल्याकडे उलटी हौस आहे. १९६० चा ‘मुघल-ए-आझम’ २००४ साली संगणकावर रंगवून पुन्हा आला. त्यात निदान मूळचीच काही दृश्यं रंगीत होती, शीशमहालाचं गाणं रंगीत होतं, त्यामुळे रंगवणाऱ्यांना आधार होता. ज्या चित्रपटात असा आधार नाही तिथे रंग चढवणं म्हणजे अंदाज, आणि तो अंदाज पुढच्या पिढीला पुरावा वाटतो. वस्तूवर रंग चढवणं त्याहून वाईट, कारण संगणकावरचा रंग पुसता येतो.

कोल्हापूर, पुणे, नाशिक, मुंबईत जुन्या स्टुडिओंत काम केलेल्यांची घरं आहेत. दिवाळीच्या साफसफाईत त्यांच्या पेट्या खाली उतरतात. पितळी समई, तलवारीची मूठ, पत्र्याचं कवच हाती आलं की चिंच-मीठ लावून घासायची सवय हाताला असते. देवाच्या भांड्यांना ते ठीक. या वस्तूंना नाही. पितळेवर लाखेचं पॉलिश असेल तर ते घासण्यात निघून जातं. वस्तू मंद करायला लावलेलं मेण, रंगाचा हात, सगळं एका सकाळीत जातं. आधी खिडकीच्या उजेडात चारही बाजूंनी फोटो काढावेत, एक फोटो तिरप्या उजेडात, म्हणजे थरांच्या कडा दिसतात. मागची बाजू विसरू नये, सिनेमात वस्तू बहुधा कॅमेऱ्याच्या बाजूनंच रंगवतात आणि मागची कोरी बाजू हाच ती सिनेमातली असल्याचा पुरावा ठरू शकतो. कोरड्या मऊ ब्रशनं धूळ झाडावी. वस्तू कोणी, कोणत्या चित्रपटात वापरली, घरात काय सांगतात, हे चिठ्ठीवर लिहून पेटीत ठेवावं. चिठ्ठी वस्तूला चिकटवू नये.

डोणगावच्या मुकुटाचं काय करायचं यावर गणपती मंडळातल्या पोरांशी बरीच बोलणी झाली. त्यांना गणपतीत पुन्हा नाटक बसवायचं होतं आणि मुकुट हवा होता. “काका, कायले खरवडत बसले? मेहकरवरून एक डबी आणतो, घंटाभरात नवा करून देतो,” असं एकानं सांगितलं. मी त्याला कानपट्टीमागचा जिना भिंगातून दाखवला. तो बराच वेळ पाहत राहिला, मग म्हणाला, “हे खालचं आमच्या आज्याच्या वक्ताचं काय?” आज्याच्याही आधीचं असेल, मी म्हटलं. शेवटी पोरांनी जुन्या मुकुटावरून कागदाचा साचा काढला, लगद्याचा नवा मुकुट केला आणि त्यावर बाजारात मिळते ती बेगड लावून वर लाखेचं पातळ पॉलिश दिलं. रंगमंचावर एलईडीचे दिवे होते. त्या पांढऱ्या उजेडात पॉलिश हिरवट दिसतंय अशी तक्रार तालमीतच आली, तेव्हा पॉलिशमध्ये चिमूटभर हिंगूळ घालायचा की दिव्यापुढे पिवळा कागद लावायचा यावर वाद झाला आणि कागद लावायचं ठरलं.